पीच, शीतगृह आणि जनुकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीच बाहेरून टवटवीत दिसतं, पण चावल्यावर कोरडं आणि पिठूळ लागतं. असं का होतं?

बहुतेक वेळा याचं कारण शीतगृहात सापडतं. फळ तोडल्यावर पिकू नये म्हणून ते थंडीत ठेवतात. पीचला मात्र लांबलेली थंडी सोसत नाही. गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही त्याच्या पेशींचं काम बिघडतं आणि नंतर ते नीट पिकत नाही. रस असतो, पण तो तोंडात येत नाही. सालीवर डाग नसतो, बुरशी नसते, रंगही सुंदर असतो. त्यामुळे दोष कळतो तो फक्त खाणाऱ्याला, तोही पैसे मोजून झाल्यावर. अशा दोन-तीन फळांनंतर माणूस त्या हंगामात पीच घेणंच सोडतो. म्हणून हा दोष मला कुजण्याहून गंभीर वाटतो. कुजलेलं फळ निदान विक्रीआधी बाजूला काढता येतं.

म्हणजे हे फळ गोठल्यामुळे होतं का?

नाही. गोठण्यात पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि पेशी फुटतात. इथे बर्फाचा संबंधच नाही. शीतइजा ही गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानातली इजा आहे. तिच्यात फळाची पिकण्याची यंत्रणा अर्धवट चालते, काही विकरं (एन्झाइम) काम करत राहतात, काही थांबतात आणि त्यांचा मेळ बिघडतो.

लक्षणं कोणकोणती असतात?

सर्वांत जास्त चर्चा होते ती पिठूळपणाची: गर मऊ असतो, पण कोरडा, लोकरीसारखा लागतो. दुसरं लक्षण म्हणजे गर तपकिरी पडणं, ज्याची सुरुवात बहुधा कोयीच्या आसपास होते. तिसरं, गरात लाल रंग पसरणं. काही फळं मऊच होत नाहीत, वातड राहतात. आणि या सगळ्यांच्या आधी बऱ्याचदा चव आणि वास जातो.

ही सगळी एकाच आजाराची वेगवेगळी रूपं आहेत असं समजणं चुकीचं ठरेल. एखादं वाण पिठूळ होतं, पण तपकिरी पडत नाही. दुसऱ्याचं नेमकं उलट. संकरातून आलेल्या भावंड झाडांमध्येही ही लक्षणं एकमेकांपासून सुटी होऊन वारशात उतरतात. त्यांच्यामागची जनुकं वेगळी आहेत याची पहिली खूण तीच होती.

जितकी थंडी जास्त तितकं नुकसान जास्त, असं आहे का?

पीचच्या बाबतीत असं नाही, आणि हे पटायला जरा वेळ लागतो. सर्वांत जास्त नुकसान होतं ते साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात. कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांनी तो २.२ ते ७.६ अंश असा नेमका सांगितला आणि त्याला ‘मारक पट्टा’ म्हणायला सुरुवात केली. ५ अंशांवर ठेवलेलं संवेदनशील वाण एक-दोन आठवड्यांतच बिघडू शकतं. तेच वाण ० अंशावर आणखी बरेच दिवस टिकतं. म्हणून शिफारस असते ती उणे १ ते ० अंश आणि ९० ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची. गरात साखर कमी असेल तर उणे १ अंशावर फळ गोठण्याचा धोका असतो, तेवढं सांभाळावं लागतं.

शीतगृहातून काढताना फळ कापून पाहिलं, सगळं ठीक होतं. मग दोन-तीन दिवसांत काय झालं?

इजा थंडीत होते, पण दिसते ती उबेत. थंड फळ कडक असतं, त्यात पिकण्याची क्रिया जवळजवळ थांबलेली असते. ते २० अंशांच्या आसपास आणून पिकू दिलं की बिघडलेली यंत्रणा उघडी पडते. त्यामुळे शीतगृहाच्या दारात घेतलेली तपासणी फारशी उपयोगाची नसते. नमुना बाहेर काढून, पिकवून, मग कापायला हवा. नवी वाणं घडवणाऱ्या पैदासकारांचं काम अवघड होतं ते इथेच, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

यात जनुकांचा हात आहे हे कशावरून ठरलं?

आधी वाणांच्या तुलनेवरून. फळांच्या साठवणीचे अभ्यासक कार्लोस क्रिसोस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पीच, नेक्टरीन (बिनलवेचं पीच) आणि प्लमच्या वाणांची चाचणी प्रसिद्ध केली. फळं ० आणि ५ अंशांवर पाच आठवड्यांपर्यंत ठेवून त्यांनी वाणांचे तीन गट केले. दोन्ही तापमानांत निरोगी राहणारी ‘अ’ गटात, फक्त ५ अंशांवर बिघडणारी ‘ब’ गटात आणि दोन्हीकडे बिघडणारी ‘क’ गटात. पिवळ्या आणि पांढऱ्या गराचे बरेचसे पीच ‘क’ गटात गेले. सगळ्यांना तीच थंडी आणि तेवढाच काळ मिळूनही निकाल इतके वेगळे आले.

वाणांची तुलना इशारा देते, पुरावा मात्र संकरातून मिळतो. त्यासाठी डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘डॉ. डेव्हिस’ आणि ‘जॉर्जिया बेल’ या वाणांचा संकर वापरला गेला. ‘डॉ. डेव्हिस’ हे डबाबंद करण्यासाठीचं, घट्ट गराचं वाण. ‘जॉर्जिया बेल’ हे पांढऱ्या, मऊ गराचं आणि सुट्या कोयीचं जुनं वाण. अमेरिकेतल्या जॉर्जियात १८७० च्या सुमारास ‘चायनीज क्लिंग’ या चिनी पीचच्या बीपासून ते आलं. या जोडीच्या संततीत पिठूळ होणारी, तपकिरी पडणारी आणि काहीच न होणारी अशी सगळ्या तऱ्हांची झाडं निघाली. बाग एक, मशागत एक, शीतगृह एक, तरी भावंडांचं नशीब वेगळं. त्यानंतर गुणसूत्रांवरच्या खुणा आणि लक्षणं यांची सांगड घालून, लक्षणांमागची जनुकं गुणसूत्रांवर कुठे आहेत त्या जागा शोधता आल्या.

पिठूळपणा नेमका कसा तयार होतो?

पीचच्या पेशी एकमेकींना पेक्टिन या डिंकासारख्या द्रव्याने जोडलेल्या असतात. नीट पिकताना दोन विकरं एकामागून एक काम करतात. पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर पेक्टिनच्या साखळीवरचे मिथाइल गट काढतं. त्यामुळे साखळी उघडी पडते आणि एंडो-पॉलिगॅलॅक्टुरोनेज, थोडक्यात एंडो-पीजी, तिचे तुकडे करतं. साखळ्या आखूड होतात, भिंती विरघळतात, चावताना पेशी फुटतात आणि रस तोंडात येतो.

थंडीत राहिलेल्या फळात पहिलं विकर बऱ्यापैकी काम करत राहतं, दुसरं मात्र मंदावतं. परिणामी मिथाइल गट नसलेल्या, पण लांबच लांब साखळ्या साठत जातात. अशा साखळ्या कॅल्शियमच्या मदतीने एकमेकींना धरतात आणि पाणी अडकवून जेल बनवतात. कमी साखरेचा जॅम ज्या रसायनावर घट्ट होतो, तेच रसायन इथे फळाच्या आत चालतं. रस कुठे गेलेला नसतो, तो जेलमध्ये बांधला जातो. म्हणून पिठूळ फळाचं वजन जवळजवळ तेवढंच भरतं.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. पेशींमधला जोड सुटतो, पण पेशी शाबूत राहतात. दात लागल्यावर त्या फुटण्याऐवजी एकमेकींवरून घसरतात, आणि रवाळ कोरडेपणा जाणवतो तो त्यामुळे. पेशीभित्ती सैल करणाऱ्या एक्स्पान्सिन या प्रथिनांचं प्रमाणही अशा फळांत घटलेलं आढळतं.

म्हणजे एंडो-पीजी हेच पिठूळपणाचं जनुक म्हणायचं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि ‘हो’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ते उत्तर अर्धंच आहे.

आधी त्यातला खरा भाग. पीचच्या चौथ्या गुणसूत्रावर एक जागा आहे, जी गर मऊ होऊन विरघळणार की घट्ट राहणार, आणि कोय सुटी असणार की गराला चिकटलेली, या दोन्ही गोष्टी एकत्र ठरवते. कॅमेरॉन पीस, क्रिसोस्टो आणि थॉमस ग्रॅडझिएल यांनी २००५ मध्ये दाखवलं की एंडो-पीजीची जनुकं याच जागी आहेत. इथे एंडो-पीजीची एकाहून अधिक जनुकं शेजारी शेजारी आहेत. कोणत्या वाणात त्यातली किती आणि कोणती शाबूत आहेत, यावरून तीन प्रकार पडतात: सुट्या कोयीचा मऊ गर, चिकट कोयीचा मऊ गर आणि चिकट कोयीचा घट्ट गर. सुट्या कोयीचा घट्ट गर या जागेतून मिळत नाही.

पिठूळपणावर सर्वांत मोठा परिणाम करणारी जागाही हीच निघाली. ज्या झाडांचा गर मुळात मऊच होत नाही, त्यांत खरा पिठूळपणा येत नाही. ‘डॉ. डेव्हिस’च्या घट्ट गराच्या संततीला तो धोका नव्हता, ‘जॉर्जिया बेल’कडून मऊ गर घेतलेल्यांना होता.

आता उरलेला अर्धा भाग. मऊ गराची सगळीच झाडं पिठूळ होत नाहीत. त्याच संततीत, एंडो-पीजीचं तेच रूप असलेल्या भावंडांमध्ये काही तीन आठवड्यांनंतरही रसाळ राहिली आणि काहींचा भुसा झाला. याचा अर्थ असा की एंडो-पीजी पिठूळ होण्याची शक्यता निर्माण करतं, ती कितपत प्रत्यक्षात येईल हे इतर जनुकं ठरवतात. शिवाय थंडीत एंडो-पीजी मंदावतं ते त्याच्या स्वतःच्या रचनेत खोट आहे म्हणून नव्हे. त्याला चालू ठेवणारे वरचे संकेत, त्यात फळ पिकवणारं इथिलीन हे संप्रेरकही आलं, कमी पडतात म्हणून ते मंदावतं. दोष मंदावलेल्या विकरात दिसतो, पण त्याचं मूळ वर कुठेतरी असतं.

मी यावर इतका जोर देण्याचं कारण व्यावहारिक आहे. एंडो-पीजीची डीएनए चाचणी सोपी आहे, आणि ‘आमचं वाण जनुकीय चाचणीत पास झालं’ असं म्हणण्याचा मोह होतो. ती चाचणी गराचा प्रकार सांगते. मऊ गराचं एखादं वाण चौथ्या आठवड्यात रसाळ राहील की नाही, हे ती सांगत नाही. ते कळायला फळ शीतगृहातच ठेवून पाहावं लागतं.

गर तपकिरी पडण्यामागे कोणतं जनुक आहे?

यात रसायन वेगळं आहे. क्लोरोजेनिक आम्लासारखी फिनॉलिक द्रव्यं पेशीतल्या रिक्तिकेत असतात आणि त्यांचं ऑक्सिडीकरण करणारं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात. थंडीने पेशीतली पटलं गळकी झाली की दोघांची गाठ पडते आणि गर तपकिरी होतो.

‘डॉ. डेव्हिस’ आणि ‘जॉर्जिया बेल’च्या संततीत या लक्षणाची मोठी जागा पाचव्या गुणसूत्राशी जुळली. तिथे २००८ मध्ये एबेनेझर ओगुंडिविन आणि सहकाऱ्यांनी ल्युकोअँथोसायनिडिन डायऑक्सिजनेज या जनुकाकडे बोट दाखवलं. हे जनुक लाल-जांभळी रंगद्रव्यं बनण्याच्या वाटेवर काम करतं. त्याची वेगळी रूपं आणि तपकिरी पडण्याचं प्रमाण यांचा मेळ बसला. हे तर्काला धरूनही आहे, कारण त्या वाटेवर किती कच्चा माल उरतो यावर ऑक्सिडीकरणासाठी काय उपलब्ध असेल हे अवलंबून असतं. तरीही मी त्याला खूण म्हणेन, अंतिम कारण म्हणणार नाही. पटलं टिकली तर फिनॉलिक द्रव्यं कितीही असोत, गर स्वच्छ राहतो.

मग ती ‘इतर जनुकं’ कोणती?

यादी मोठी आहे आणि सगळ्या नावांत शिरण्याची गरज नाही. तीन गट मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला गट पटलांचा. पेशीपटलातली मेदाम्लं जितकी असंतृप्त, तितकं पटल थंडीत लवचीक राहतं. मेदाम्लांत ही असंतृप्तता आणणाऱ्या आणि मेदांची मोडतोड करणाऱ्या विकरांची जनुकं या गटात येतात.

दुसरा गट साखरेचा. ज्या फळांत थंडीतही सुक्रोज टिकून राहतं, ती साधारणपणे कमी बिघडतात. सुक्रोज पटलांना आधार देतं असं मानलं जातं. रिक्तिकेतलं इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडतं, त्यामुळे त्याच्या जनुकावर लगाम असणं फळाच्या फायद्याचं. हा लगाम धरणाऱ्यांत सीबीएफ कुळातली नियंत्रक जनुकं येतात. पानांना आणि कळ्यांना थंडीची जाणीव करून देणारं हेच कूळ आहे.

तिसरा गट ऑक्सिडीकरणाचा ताण सांभाळणाऱ्या जनुकांचा.

या शोधासाठी डेव्हिस आणि स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी ‘चिलपीच’ नावाची साधनं तयार केली. त्यांनी पीचच्या गरातली हजारो जनुकं एका पट्टीवर मांडली आणि थंडीत कोणती जागी होतात, कोणती झोपतात हे एकाच वेळी पाहिलं. इस्रायलमधल्या व्होल्कानी संस्थेच्या सुझन लुरी यांचाही या विषयात मोठा वाटा आहे. सहनशील आणि संवेदनशील फळं शेजारी ठेवून पाहिल्यावर मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढे आली: त्यांच्यातला काही फरक तोडणीच्या दिवशीच होता. थंडी लागण्याआधीच काही फळांची तयारी झालेली असते. त्यामुळे पुढे कधीतरी तोडणीच्या वेळीच फळाचा नमुना घेऊन ‘हा माल दूर पाठवा, हा जवळ विका’ असं सांगता येण्याची वाट मोकळी होते.

लवकर पिकणारी वाणं जास्त सोसतात, हे खरं का?

ढोबळमानाने खरं आहे. हंगामाच्या शेवटी येणारी वाणं शीतइजेला जास्त बळी पडतात असा अनुभव आहे. याला जनुकीय धागाही आहे. पीच कधी पिकणार हे ठरवणारी सर्वांत प्रभावी जागा चौथ्याच गुणसूत्रावर आहे आणि तिथे एनएसी कुळातलं एक नियंत्रक जनुक प्रमुख दावेदार मानलं जातं. चिलीतल्या संशोधकांना पिठूळपणाशी निगडित जागा याच भागात सापडली.

इथे सावध राहायला हवं. एकाच भागात दोन गुण सापडले म्हणजे एकच जनुक दोन्ही करतं असं नाही. शेजारी असल्यामुळे ते वारशात जोडीने जात असतील. शिवाय उशिरा येणारं फळ झाडावर जास्त दिवस राहतं, मोठं होतं, वेगळ्या हवामानात पिकतं. तोही परिणाम मिसळतो. हा गुंता सोडवल्याशिवाय ‘लवकरचं म्हणजे टिकाऊ’ असा नियम करू नये. उशिराच्या वाणांतही टिकाऊ झाडं निघतात, आणि पैदासकाराला शोध असतो तो त्यांचाच.

इथिलीन रोखलं तर फळ जास्त टिकायला हवं ना?

सफरचंदाच्या अनुभवावरून असं वाटणं साहजिक आहे. इथिलीनची क्रिया अडवणारं १-एमसीपी सफरचंदात उत्तम चालतं. पीचमध्ये मात्र थंडीच्या साठवणीसोबत ते वापरलं की पिठूळपणा बऱ्याचदा वाढतो. उलट, साठवणीत थोडं इथिलीन दिल्यावर पिठूळपणा कमी झाल्याचं आढळलं आहे. याचं कारण वर आलंच आहे: एंडो-पीजी चालू राहायला इथिलीनचा संकेत लागतो. पीचला थंडीतही थोडं पिकत राहू देणं हे त्याला पूर्ण थांबवण्यापेक्षा बरं.

पिठूळ नाही, तपकिरी नाही, तरीही बेचव. असं का?

वासाची द्रव्यं बनवणारी जनुकं थंडीला फार लवकर प्रतिसाद देतात. पीचचा ओळखीचा सुवास येतो तो मुख्यतः लॅक्टोन आणि एस्टर या द्रव्यांमुळे. लांबलेल्या थंडीत ती घटतात आणि फळ बाहेर काढल्यावरही पूर्ण भरून येत नाहीत. गोडी मोजली तर फारसा फरक नसतो, म्हणून उपकरणावर फळ पास होतं. साठवणीची कमाल मुदत ठरवताना फक्त गर पाहणं अपुरं आहे, चव पाहणाऱ्या माणसांची गरज असते.

नेक्टरीन किंवा पांढऱ्या गराचं पीच घेतलं तर हा त्रास कमी होतो का?

नेक्टरीन म्हणजे लव नसलेलं पीचच, प्रजाती एकच. लव नसणं हा पाचव्या गुणसूत्रावरच्या एका अप्रभावी जनुकाचा परिणाम आहे. गराचा पिवळा-पांढरा रंग कॅरोटिनॉइड मोडणाऱ्या एका जनुकावर ठरतो. ही दोन्ही जनुकं शीतइजा ठरवत नाहीत. १९९९ च्या चाचणीत ० अंशावर नेक्टरीन पीचपेक्षा बरे राहिले, पण ते त्या वाणांपुरतं. लव किंवा रंग पाहून अंदाज बांधू नका, वाणाचं नाव विचारा.

घट्ट गराची किंवा ‘स्टोनी हार्ड’ वाणं हा मार्ग आहे का?

काही अंशी. घट्ट गराची वाणं पिठूळ होत नाहीत, पण त्यांना तपकिरी पडण्यापासून आणि चव जाण्यापासून सूट नाही. शिवाय ज्यांना रस ओघळणारं पीच हवं असतं, त्यांना ती रबरी वाटतात.

‘स्टोनी हार्ड’ हा प्रकार वेगळा. यात ऑक्झिन हे वनस्पतींतलं संप्रेरक बनवणाऱ्या एका जनुकात बिघाड असल्यामुळे पिकण्याच्या वेळी ऑक्झिन वाढत नाही, परिणामी इथिलीन बनत नाही आणि फळ कडकच राहतं. बाहेरून इथिलीन दिलं तर ते मऊ होतं. म्हणजे पिकण्याची सगळी यंत्रणा हजर असते, फक्त इशारा नसतो. ‘हवं तेव्हा पिकवा’ या दृष्टीने हा गुण मला फार आशादायक वाटतो.

आमच्या वाणाला हिवाळ्यात भरपूर थंडी लागते. मग त्याची फळंही थंडी सोसतील ना?

नाही, या दोन गोष्टींचा संबंध नाही. झाडाला हिवाळ्यात किती तास थंडी हवी हा कळ्यांच्या सुप्तावस्थेचा प्रश्न आहे. त्यात पहिल्या गुणसूत्रावरच्या ‘डॅम’ नावाच्या जनुकांच्या ओळीचा मोठा वाटा आहे. मेक्सिकोतल्या एका पीचमध्ये या ओळीतली काही जनुकं गळाल्यामुळे झाड सुप्तावस्थेत जातच नाही, त्यावरून हे उमगलं. फळाची शीतइजा हा वेगळ्या अवयवाचा, वेगळ्या जनुकांचा विषय आहे. रोपवाटिकेच्या माहितीपत्रकातले ‘थंडीचे तास’ वाचून शीतगृहातल्या टिकाऊपणाचा अंदाज करू नका.

इतकं कळलं आहे तर टिकाऊ वाणं सर्रास का मिळत नाहीत?

पहिलं कारण चाचणीचं. बी रुजवल्यापासून फळ यायला साधारण तीन वर्षं जातात. नंतर प्रत्येक झाडाची पुरेशी फळं एकाच पक्वतेवर तोडायची, दोन-तीन-चार आठवडे ठेवायची, पिकवायची, कापायची, चाखायची. हे सगळं एकाहून अधिक हंगाम करायचं, कारण हवामान, झाडावरचा भार, फांदीवरची जागा आणि तोडणीची वेळ यांनीही निकाल हलतो. हजारो रोपांसाठी हे जमत नाही.

दुसरं कारण मला जास्त बोचतं. कित्येक दशकं निवड झाली ती रंग, आकार आणि घट्टपणा यांवर, म्हणजे दुकानाच्या फळीवर डोळ्यांना जे दिसतं त्यावर. साठवणीनंतरची चव हा निकष यादीत फार खाली होता. सालीच्या लालीला भाव मिळत राहिला, मग सालीची लाली वाढत गेली. समुद्रमार्गे कित्येक आठवडे प्रवास करणाऱ्या चिलीसारख्या देशातल्या मालासाठी हा निकष सर्वांत वर असायला हवा.

तिसरं, पाश्चात्त्य वाणांचं जनुकीय भांडवल मर्यादित आहे. ती थोड्याच पूर्वजांपासून आली आहेत आणि पीच स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे विविधता आणखी आक्रसली. पीचचं मूळ चीनमध्ये आहे आणि तिथल्या जुन्या स्थानिक वाणांत अजून बरंच काही न तपासलेलं असण्याची शक्यता आहे.

डीएनए चाचणी किंवा जनुक संपादनाने काम लवकर होईल का?

चाचणीने होईल, आणि होऊ लागलं आहे. ‘लव्हेल’ वाणावरून पीचचा जनुकसंच वाचून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ गुणसूत्रांच्या जोड्या आणि २७,८५२ जनुकं, म्हणजे फळझाडांमध्ये आटोपशीरच. गराचा प्रकार रोप वीतभर असतानाच कळतो आणि नको ती रोपं काढून टाकता येतात. सहनशीलतेसाठी मात्र एका खुणेऐवजी सगळ्या गुणसूत्रांवरच्या हजारो खुणा एकत्र वाचून अंदाज बांधण्याची पद्धत जास्त योग्य, कारण इथे छोटे छोटे परिणाम करणारी जनुकं अनेक आहेत.

संपादनापुढे वेगळी अडचण आहे. पीचच्या ऊतीपासून पुन्हा सबंध झाड उभं करणं अतिशय कठीण जातं. शिवाय कोणतं एक जनुक बदलावं, याचं उत्तर वरच्या सगळ्या चर्चेनंतर तुम्हीच पाहा.

लावलेलं वाण बदलता येत नाही. तोवर काय करावं?

वाणाचा स्वभाव ओळखून त्याप्रमाणे वागावं. पिठूळ होणारं वाण असेल तर तोडल्यावर ते लगेच थंड न करता २० अंशांवर २४ ते ४८ तास ठेवून, थोडं मऊ होऊ देऊन मग थंड करणं बऱ्याच ठिकाणी उपयोगी ठरलं आहे. या काळात फळाचं पाणी जातं आणि बुरशीचा धोका वाढतो, म्हणून आर्द्रता आणि स्वच्छता सांभाळावी लागते. नियंत्रित वातावरणात सुमारे ६ टक्के ऑक्सिजन आणि १७ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवण्याची शिफारस कॅलिफोर्नियातल्या वाणांसाठी केली गेली. तिचा फायदा वाणानुसार आणि फळाच्या आकारानुसार कमी-जास्त होतो. मधूनमधून ऊब देण्याची पद्धतही चालते, पण मोठ्या शीतगृहात ती अमलात आणणं जिकिरीचं आहे.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे थंडीची साखळी मारक पट्ट्यात अडकू न देणं. शीतगृह ० अंशावर, मग वाहनात ५ अंश, मग दुकानात ६ अंश, असा प्रवास झाला तर आधीची सगळी काळजी वाया जाते. आणि संवेदनशील वाण दूर पाठवूच नये. ते जवळच्या बाजारात लवकर विकणं हाच त्याच्यासाठी चांगला उपाय.

घरी पीच फ्रीजमध्ये ठेवावं का?

कच्चं असेल तर नाही. घरातला फ्रीज ४-५ अंशांवर असतो, म्हणजे थेट मारक पट्ट्यात. आधी बाहेर ठेवून पिकू द्या. दांड्याजवळ बोटाने हलकं दाबल्यावर गर दबला आणि वास सुटला की ते तयार झालं. मग हवं तर एक-दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. आधीच पिठूळ झालेलं फळ पुन्हा रसाळ होत नाही, ते शिजवून वापरावं.